भूतानला जाऊन आलेल्यांनो, अनुभव लिहा

दिवाळीनंतर भूतानचा बेत आखणारे बरेच दिसतायत. काय बघायचं याच्या याद्या ढीगभर आहेत, त्या नकोत. कागदपत्रं, पोट आणि गुडघे, एवढ्यावरच लिहा.

सुरुवात मी करते. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण परवाना लागतो, आणि शाश्वत विकास शुल्क म्हणून माणशी रात्रीला १२०० रुपये. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. बजेट मांडताना आधी हा आकडा धरा, हॉटेल नंतर.

डोंबिवलीकर: हासिमारा स्टेशनला उतरून आपल्या हद्दीतल्या जयगावमार्गे सीमेपलीकडच्या फुंटशोलिंगला गेलो. परवान्याच्या रांगेत आमच्यापुढच्या काकांकडे फक्त आधार कार्ड. तिथे पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्रच चालतं. "अहो, बँकेत चालतं, विमानात चालतं!" काका तावातावाने सांगत होते, अधिकारी शांतपणे मान हलवत होता. काकूंकडे पासपोर्ट होता, त्यामुळे त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पुढे थिंफूपर्यंत सगळा घाटच. गाडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या.

गुडघेवाली आजी: तक्त्संग, म्हणजे कड्यावरचा तो मठ, ३१२० मीटरवर आहे. घोडा मिळतो, पण निम्म्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच, आणि उतरताना तर मिळतच नाही. हे कोणी आधी सांगत नाही. खरी परीक्षा शेवटी: मठ अगदी समोर दिसतो आणि वाट मात्र पायऱ्यापायऱ्यांनी धबधब्याशी खाली उतरते, मग तेवढंच पुन्हा वर. मी कॅफेटेरियात चहा घेत बसले, सूनबाई वर जाऊन आली. तिथूनही मठ छान दिसतो, उगाच हट्ट करू नये. पायथ्याशी काठी भाड्याने मिळते, ती घ्याच. बाह्या आणि पाय झाकणारे कपडे हवेत. मोबाईल, पिशव्या दाराशी ठेवाव्या लागतात. आणि हा दिवस सहलीच्या शेवटी ठेवा, तोवर छातीला उंचीची सवय होते.

शाकाहारी, नागपूर: एमा दात्शी म्हणजे चीजमध्ये शिजवलेली मिरचीची भाजी. मिरची तिथे फोडणीपुरती नाही, तीच भाजी! सावजी पचवणारा मीसुद्धा दुसऱ्या घासाला पाणी मागत होतो. मुलांसाठी केवा दात्शी मागवा, त्यात बटाटा असतो. मिरची कमी घालायला सांगा. शाकाहारी असाल तर ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगा, भाजीत सुकं मांस घालायची पद्धत आहे.

मुलुंडची: आम्ही विमानाने गेलो. पारोला विमानं दिवसाउजेडीच उतरतात, तीही दरी नीट दिसत असेल तरच. परतीला दिल्ली किंवा कोलकात्याहून त्याच दिवशीचं पुढचं विमान धरू नका. आणि घड्याळ अर्धा तास पुढे करा, आमचा ड्रायव्हर रोज खाली येऊन थांबलेला असायचा.

डोंबिवलीकर: राहिलंच. रुपये सर्रास चालतात, न्गुलत्रुम (तिथलं चलन) आणि रुपयाचा भाव एकच. पण सुट्टे न्गुलत्रुममध्ये मिळतात, ते जयगावला यायच्या आधी संपवा.