'आक्रमक' डास?

कपाशीवाला (अमळनेर): शाळेच्या अंकासाठी अनुवाद करतोय. मे २०२४ मध्ये आफ्रिकेतल्या जिबूती देशात जनुकबदल केलेले डास सोडले, त्यावर. 'इनव्हेजिव्ह' म्हणजे बाहेरून येऊन पसरणारा; त्याला कोशात 'आक्रमक' आहे. पण अ‍ॅनाफिलीस स्टीफेन्सी, म्हणजे हा मलेरियाचा डास, काही अंगावर धावून गेला नाही. २०१२ मध्ये तिथे आढळला आणि टाक्या-पिंपांतून शहरात पसरला. 'परकीय' लिहिलं तर पोरं समजतील, आपल्याकडे बाहेरून आला. तो तर मूळचा इकडचाच! बाबा म्हणतात, "बीटी मच्छर लिही." २००२ मध्ये बीटी कपाशी आली तेव्हापासून त्यांना जनुक म्हटलं की बीटीच.

तापीकाठ: 'उपरा' घ्या. 'परदेशी' नको, आमच्या गल्लीत चार घरं परदेशींचीच आहेत. गाजरगवताला कोणी 'आक्रमक' म्हटलं का? काँग्रेस गवत म्हणून मोकळे झालो.

जुना फवारणीवाला: बीटी नका लिहू हो. ते जिवाणूचं नाव. त्याचाच एक प्रकार, बीटीआय, अळ्या मारायला पाण्यात टाकतात. घोळ होईल. मी घरोघरचे हौद तपासलेत. अ‍ॅनाफिलीसची अळी पाण्यावर आडवी पडलेली असते, क्युलेक्स या दुसऱ्या डासाची उलटी लटकते. पण नळ आठवड्याने येणार, मग रांजण उपडा करू देतं कोण?

शुद्धमती: 'मच्छर' हिंदी आहे. आपला शब्द डास, 'दंश'वरून आलेला.

तापीकाठ: मग रात्री डासदाणी लावता का? आणि जिबूतीत सोडले ते नर. नर चावतच नाही. दंश नाही तर डास कसला?

कपाशीवाला: बरं, 'वांझ नर' चालेल?

जुना फवारणीवाला: वांझ कुठे? त्यांच्या मुली मोठ्या व्हायच्या आत मरतात, मुलगे जगतात आणि तेच जनुक पुढे नेतात.

शुद्धमती: म्हणजे 'कन्याघ्न'! आणि मलेरिया कशाला, 'विषमज्वर' लिहा.

तापीकाठ: विषमज्वर म्हणजे टायफॉईड, ताई! पोरं भलतंच औषध घेतील.

शुद्धमती: आयुर्वेदात विषमज्वर हाच. टायफॉईडला तो नंतर चिकटवला.

जुना फवारणीवाला: हिवताप आहे की. आमची आजी दोन गोधड्यांखालून म्हणायची, "माले हिव वाजी राह्यनं."

कपाशीवाला: मंडळी, 'इनव्हेजिव्ह'चं काय? अंक उद्या छापायला जातोय.

तापीकाठ: आजी 'हिव' म्हणायच्या की 'हीव'? आमच्या शिरपूरकडे लांबवतात.