सैन्यातून निवृत्त, सरपंचपदासाठी उभं राहायचंय : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि आता माण तालुक्यातल्या गावी राहायला आलोय. येत्या ग्रामपंचायतीला थेट सरपंचपदासाठी अर्ज भरावा असा तरुण पोरांचा आग्रह आहे. भावकीचं म्हणाल तर अर्धी सोबत, अर्धी गप्प. त्याचं बघून घेऊ, खरी अडचण कागदांची आहे.

माझं नाव अजून पुण्याच्या मतदारयादीत आहे. नमुना 8 भरून ते गावात आणतोय. पण ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरून, ठरावीक तारीख धरून करतात म्हणे. त्या तारखेनंतर नाव आलं तर अर्ज बाद होतो का?

दुसरी गोष्ट जास्त टोचतेय. वडिलांनी गायरानात गोठा बांधला होता. ते गेले, आता धाकटा भाऊ तिथं जनावरं बांधतो. जनाबाई प्रकरणातल्या 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कुटुंबाचं अतिक्रमणही उमेदवाराला भोवतं, हे वाचलंय. आम्ही भाऊ वेगळे राहतो, पण सातबारा सामाईक आहे. गोठा आत्ताच पाडून तलाठ्याकडून पंचनामा करून घेतला तर चालेल का? भाऊ तयार आहे, वहिनी नाही!

घरपट्टी भरली आहे, शौचालय आहे, अपत्यं दोनच. त्या बाजूनं काळजी नाही.

छाननीत गायरानाची हरकत कुणावर आली असेल तर काय कागद दाखवले, तेवढं सांगा. वकील तालुक्याचा धरावा की साताऱ्याचा?