पुण्याच्या प्लेगवर किशोर कादंबरी: अकरा वर्षांच्या मुलीचं धाडस पटेल असं कसं लिहायचं?

परकर-पोलका:
१८९७ च्या पुण्यातल्या प्लेगवर दहा ते तेरा वयाच्या मुलांसाठी कादंबरी लिहायला घेतली आहे. आराखडा थोडक्यात देते. नायिका अकरा वर्षांची, सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहणारी, शाळेत जाणारी, अजून लग्न न झालेली. सहा वर्षांच्या भावाला ताप येतो, काखेत गाठ दिसते. प्लेग अधिकारी रँडचं झडती पथक येतं तेव्हा ती त्याला धान्याच्या कणगीत लपवते. रात्री पाठुंगळी घेऊन सावित्रीबाई फुले यांच्या दवाखान्यात पोचवते आणि तिसऱ्या दिवशी तो खेळायला लागतो. वाटेत मेलेले उंदीर पाहून तिला पिसवांचा संशय येतो, ती वाडा जागा करते. शेवटी २२ जूनच्या रात्री, पिठूर चांदण्यात, गणेशखिंडीच्या रस्त्यावर ती रँडचा वध पाहते.
साधारण वीस हजार शब्द धरले आहेत. धाडस खोटं वाटतंय असं आतून जाणवतंय, पण नेमकं कुठे ते कळत नाही. शिवाय मृत्यू किती दाखवायचा हाही प्रश्न आहेच.

जुने दप्तर:
आधी तारखा सरळ करू, कारण त्या हलल्या की कथाच हलते.

सावित्रीबाई गेल्या १० मार्च १८९७ ला. सैनिकांच्या घरझडत्या सुरू झाल्या १३ मार्चला, शनिवारी. म्हणजे पथक तुमच्या नायिकेच्या दारात उभं राहतं तेव्हा सावित्रीबाई हयातच नाहीत. दवाखानाही शहराबाहेर, हडपसरजवळच्या माळावर. सदाशिव पेठेतून पाच मैल तरी होतील. तापलेलं सहा वर्षांचं पोर घेऊन अकरा वर्षांची मुलगी रात्रीतून तेवढं चालणार नाही, आणि तुम्ही तिला चालवलीत तर वाचणाऱ्या मुलाच्या मनातून कथा तिथेच उतरेल. सावित्रीबाई हव्याच असतील तर बातमी म्हणून आणा. मुंढव्याहून गायकवाडांच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दत्तक मुलगा डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं, त्यातच त्यांना लागण झाली, वय ६६. हडपसरकडून भाजी घेऊन येणाऱ्या बाईच्या तोंडून हे नायिकेच्या कानावर पडू दे. पथक यायच्या एक-दोन दिवस आधी पडलं तर फारच उत्तम.

पिसवा काढून टाका. जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण पिसू उंदरावरून माणसावर रोग नेते हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून मांडलं, आणि तेही सर्वमान्य व्हायला पुढे काही वर्षं गेली. १८९७ च्या मार्चमध्ये शाळकरी मुलीला जे कळतं ते मुंबईच्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. मात्र उंदीर पडायला लागले की घर सोडावं, एवढं लोकांना अनुभवाने कळत होतं. तेवढंच तिला कळू दे. प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिन यांनी स्वतःला ती टोचून घेतली ती १० जानेवारी १८९७ ला, मुंबईत. तेव्हा ऐन वेळी लस आणून कुणाला वाचवायचा मोहही नको.

चंद्राचं म्हणाल तर २२ जून म्हणजे ज्येष्ठ वद्य सप्तमी-अष्टमीच्या आसपास. चंद्र उगवायलाच मध्यरात्र होते, पिठूर चांदणं कुठून येणार? उलट १३ मार्चला फाल्गुन शुद्ध पक्ष आहे, म्हणजे झडतीच्या पहिल्या रात्री चांगलं चांदणं मिळतं. होळी त्यानंतर चार-पाच दिवसांत, पाडवा एप्रिलच्या अगदी सुरुवातीला. सण तोंडावर आणि गल्लीत सैनिक, हा प्रसंग पंचांगाने तुम्हाला फुकट दिला आहे, तो सोडू नका. झडत्या १९ मेपर्यंत चालल्या. प्रकरणांच्या कडेला तारीख, तिथी आणि आजाराचा कितवा दिवस अशा तीन ओळी लिहून ठेवा.

आजाराचा दिवस अशासाठी की लागण झाल्यावर साधारण दोन ते सहा दिवसांनी एकदम थंडी वाजून जोराचा ताप, डोकेदुखी, मग जांघेत, काखेत किंवा मानेला दुखरी गाठ. औषध नसताना बरेच रोगी आठवड्याच्या आत जात. जो वाचे त्याची गाठ पिकून फुटे आणि अंगात ताकद यायला आठवडेच्या आठवडे लागत. तिसऱ्या दिवशी खेळणारा भाऊ अशक्य.

खोडरबर:
तारखांचं झालं, आता धाडसाबद्दल. तुमच्या नायिकेला काहीच गमवावं लागत नाही, म्हणून ते खोटं वाटतं. ती लपवते, पळते, जिंकते. पथक दुष्ट, ती चांगली, संपलं.

१८९७ चा खरा पेच याहून कितीतरी वाईट होता. आजाराची वर्दी दिली तर रोगी इस्पितळात, घरातली बाकीची माणसं विलगीकरणाच्या छावणीत, अंथरूण-कपडे जाळलेले, जमीन उकरलेली, भिंतींना चुना, आणि वाड्यातली बिऱ्हाडं आयुष्यभर तोंड फिरवणार. वर्दी दिली नाही तर त्याच वाड्यातली बाकीची मुलं धोक्यात. दोन्हीकडून कुणाचं तरी नुकसान ठरलेलं. अशा जागी मुलीला उभं करा आणि निवडू द्या. तिने लपवायचं ठरवलं तरी चालेल, पण मग शेजारच्या बिऱ्हाडातल्या तिच्या मैत्रिणीला ताप आला पाहिजे आणि तो लपवल्यामुळे आला की नाही हे तिला कधीच कळता कामा नये.

कणगी ठेवा. पिसवा नायिकेला माहीत नाहीत, पण आजच्या वाचकाला माहीत आहेत. उंदीर येतात ते धान्यालाच. ती भावाला सगळ्यात सुरक्षित वाटणाऱ्या जागी नेऊन ठेवते आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तिच्या तोंडी काही घालू नका, निवेदकानेही खुलासा करू नये. कणगीखालची खसखस एकदा ऐकू आली की पुरे.

मोठी माणसं सोयीस्करपणे गायब करू नका, मूर्ख तर मुळीच नको. आई भावाच्या उशाशी अडकलेली, वडील बाहेरगावी, आजी घरात पण तिचं मत ठाम: काहीही झालं तरी पोराला घराबाहेर न्यायचं नाही. आजीचं म्हणणं वाचकाला निम्मं पटलं पाहिजे. कसोटी सोपी आहे: धाडसाचं प्रकरण काढून टाकून पुढचं वाचा. कुठलंही नातं, वस्तू किंवा सवय बदलत नसेल तर ते प्रकरण अजून लिहून झालेलं नाही.

तिचं लग्न झालेलं असू द्या. सदाशिव पेठेतल्या ब्राह्मण घरात अकरा वर्षांची बिनलग्नाची मुलगी म्हणजे घरच्यांना घोर. सुधारकी घर दाखवता येईल, हुजूरपागेची शाळा १८८४ पासून होती. पण लग्न झालेली आणि अजून माहेरीच असलेली मुलगी जास्त कामाची. संमतिवयाचा कायदा १८९१ चा, मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय १० वरून १२ वर नेणारा, म्हणजे तिच्या घरात त्यावर वाद होऊन गेलेले. ‘ताप आलेल्या घरातली सून’ म्हणून सासरचे काय म्हणतील ही भीतीही निर्णयात येते.

परकर-पोलका:
दोघांचेही आभार. लग्न झालेली नायिका डोक्यातच आली नव्हती. पण मग भाऊ वाचवायचा की नाही? आणि रँड काढूनच टाकू का? मुलांना शाळेत चापेकर माहीत असतात, ते वाट बघणार.

टाक-दौत:
भाऊ वाचला तर मैत्रीण जाऊ दे, किंवा उलट. प्लेगच्या पुस्तकात कुणीच न मरणं ही या वयाच्या वाचकाची फसवणूक आहे. मात्र मृत्यू एकच, तोही आधी ओळख झालेल्या माणसाचा. अनोळखी प्रेतांची रांग लावली तर मुलं बधिर होतात. वीस हजार शब्दांत तो साधारण दोन तृतीयांशाला यावा, म्हणजे नंतर दुःखात जगायला सहा-सात हजार शब्द उरतात. बहुतेक हस्तलिखितांत मृत्यू शेवटून दुसऱ्या प्रकरणात येतो आणि शेवटच्या पानावर सगळे सावरलेले असतात. गाठीचं वर्णन एकदा, दोन वाक्यांत. वास, कण्हणं, पाणी मागणं हे जास्त पोचतं.

सैनिकांच्या वागण्यावर जपून लिहा. तक्रारी खूप होत्या, घरात घुसणं, देवघर विटाळणं, सामान जाळणं हे मुलीच्या डोळ्यांनी दाखवता येतं. बायकांवरच्या अत्याचाराचे आरोप गोखल्यांनी इंग्लंडमध्ये केले आणि पुरावा पुढे करता न आल्याने परतल्यावर त्यांना माफी मागावी लागली. मुलांच्या पुस्तकात बंद दार, आतून आवाज नाही, नंतर काकू दोन दिवस कुणाशी बोलत नाही, एवढंच. पथकाबरोबर स्थानिक गृहस्थही असत. त्यातला एक ओळखीचा निघाला तर प्रसंग एकरंगी राहत नाही.

रँड ठेवा, पण नायिकेला गणेशखिंडीत नेऊ नका. मध्यरात्री तिथे तिचं कामच काय? शिवाय मुलं हमखास चुकीचं शिकतात ती जागा हीच. त्या रात्री जागीच मेला तो लष्करी अधिकारी आयर्स्ट. रँड जखमी झाला आणि ३ जुलैला मेला. तिला दुसऱ्या दिवशी वाड्यात कुजबुज ऐकू येऊ दे, आणि पुढच्या दहा-अकरा दिवसांत प्रत्येक जण वेगळं काहीतरी सांगतो आहे. चापेकरांचं नाव कुणाच्याच तोंडी नको, दामोदरपंत पकडले गेले ते काही महिन्यांनी. वाट बघणाऱ्या वाचकांसाठी शेवटी पानभर टीप द्या: खरं काय, कल्पित काय, आणि दामोदर हरी चापेकरांना १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फाशी झाली इथपर्यंत. टीप कथेच्या आवाजात लिहू नका, साध्या वाक्यांत लिहा.

जुने दप्तर:
टाक-दौत यांच्याशी सहमत, फक्त टिळकांना पानभर भाषण देऊ नका. ते त्या काळात शहरात राहिले, हिंदूंसाठी वेगळं प्लेग इस्पितळ उभं केलं, एवढं कुणाच्या बोलण्यात आलं की झालं.

वस्तूंचं एक राहिलं. वडील बाहेरगावी असतील तर त्यांना कळवायला पोस्टकार्ड, किंमत एक पैसा, म्हणजे पाव आणा. हाताने लिहिलेलं पत्र मोडी लिपीत असेल, छापील जाहीरनामा बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. मोडी घोटून झालेली नसेल तर वडिलांचं उत्तर आलं तरी नायिकेला ते वाचता येणार नाही आणि वाचून घ्यायला शेजारी जावं लागेल. म्हणजे गुपित फुटणार. अंधारात कंदील किंवा चिमणी, काडेपेटी आहे, वीज नाही. घड्याळाची वेळ नेमकी देऊ नका. प्रमाणवेळ १९०६ पासूनची, त्याआधी गावाची वेळ निराळी आणि रेल्वेची निराळी. ‘दिवेलागणीला’, ‘पहाटेच्या कोंबड्याला’ असं लिहिलंत की त्या भानगडीतून सुटका.