पोल फिटनेसच्या वर्गात नाव घालण्यापूर्वी काय तपासावे? (नाशिक)

गंगापूररोडकर विचारतात:

नमस्कार. मी नाशिकमध्ये लेखा विभागात नोकरी करते आणि माझे वय चाळिशीच्या जवळ आहे. दिवसभर खुर्चीत बसून पाठ आणि खांदे आखडतात. जिमला जाऊन पाहिले, पण तेथे मन रमले नाही, म्हणून पोल फिटनेस, म्हणजे उभ्या धातूच्या खांबाला धरून करायचा व्यायाम, शिकण्याचा विचार आहे. कॉलेज रोडच्या परिसरातील एका स्टुडिओत चौकशीला गेले, तेव्हा तेथील मुलीने प्रत्यक्ष वर्ग दाखवण्याआधी मोबाइलवर रील्स दाखवल्या, सहा महिन्यांचे शुल्क आजच भरल्यास मोठी सवलत मिळेल असे सांगितले आणि एक छापील अर्ज पुढे केला. त्यात कोणत्याही दुखापतीस संस्था जबाबदार राहणार नाही आणि भरलेले शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही, अशी दोन वाक्ये ठळक अक्षरांत होती. पोलखाली योगासनांची पातळ चटई अंथरलेली दिसली. दर्शनी भिंत काचेची असल्यामुळे जिन्यावरून ये-जा करणाऱ्यांना आतले सर्व काही दिसत होते. मी अर्ज न भरता परत आले.

साधने सुरक्षित आहेत की नाहीत, हे माझ्यासारख्या नवख्या व्यक्तीने कसे ओळखावे? काही वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा बराच काळ जखडला होता, तर हा व्यायाम मला झेपेल का? आणि त्या अर्जावर सही करणे कितपत योग्य आहे? घरच्यांचा विरोध नाही. सासूबाई फक्त “पडू नकोस म्हणजे झाले” एवढेच म्हणाल्या.

उलटे वटवाघूळ यांचे उत्तर:

सासूबाईंनी नेमका मुद्दा मांडला आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करते. मी आधी पुण्यात आणि आता नाशिकमध्ये हा व्यायाम नियमित करते.

सर्वप्रथम मान वर करून छताकडे पाहावे. पोल मुख्यतः दोन प्रकारे बसवतात: एक तर जमीन आणि छत यांच्यामध्ये दाबाने घट्ट केलेला, किंवा छताला बोल्टने कायमचा जखडलेला. जेथे एकामागून एक बॅच चालते, तेथे तो आरसीसी स्लॅबला किंवा लोखंडी तुळईला बोल्टनेच बसवलेला असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडच्या व्यापारी संकुलांतील बहुतेक गाळ्यांना पीओपीचे फॉल्स सीलिंग असते आणि पोल त्यात शिरून दिसेनासा होतो. ते सीलिंग माणसाचे वजन पेलण्यासाठी नसते, त्यामुळे त्याच्या वर काय आहे हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. व्यवस्थित काम करून घेतलेल्या मालकाकडे बसवणीच्या वेळचे फोटो असतात आणि तो ते आनंदाने दाखवतो. “काही होत नाही हो, मॅडम” असे उत्तर आले, तर तेथे पुढचा प्रश्न विचारण्यातही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पोलची अवस्था. बहुतेक पोल स्थिरही ठेवता येतात आणि फिरतेही करता येतात. हा बदल ॲलन कीने एक छोटा स्क्रू घट्ट किंवा सैल करून होतो आणि तो स्क्रू अर्धवट राहिला, तर स्थिर समजून धरलेला पोल अचानक फिरतो. आमच्या ट्रेनर बॅच सुरू होण्यापूर्वी प्रत्येक पोलला दोन्ही हातांनी लटकून अंगाचा एक जोरदार हिसका देतात, वरून करकर येते का ते ऐकतात, स्क्रू तपासतात आणि मग “हा स्थिर, तो फिरता” असे मोठ्याने सांगतात. एकीचा सराव झाला की दुसरीने हात लावण्यापूर्वी पोल स्पिरिटच्या फडक्याने पुसला जातो, कारण घाम आणि त्वचेचे तेल यांचा थर बसला की पकड राहतच नाही.

याच कारणासाठी वर्गाच्या दिवशी अंगाला खोबरेल किंवा मॉइश्चरायझर लावू नये. हिवाळ्यात नाशिकच्या कोरड्या थंडीत हे कठीण जाते, हे मान्य आहे, आणि गार पोलवर कोरडी त्वचाही सटकते, त्यामुळे त्या दिवसांत वॉर्म-अप वाढवावा लागतो. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ आणि मंगळसूत्र काढून ठेवणे आवश्यक असते. आखूड कपडे हा दिखाव्याचा भाग नाही. मांडी, पोटरी आणि कोपराची उघडी त्वचाच पोल धरून ठेवते, लेगिंग्जवरून माणूस सरळ खाली येतो.

पातळ चटईबाबत आपली शंका रास्त आहे. उलटे होण्याचा सराव सुरू झाला, की पोलभोवती चारही बाजूंनी बसणारी, साधारण 10 सेंटिमीटर किंवा त्याहून जाड क्रॅश मॅट (पडल्यास धक्का झेलणारी गादी) हवीच. तरीही मॅट ही शेवटची सोय आहे, मानेवर पडणाऱ्याला ती पुरेशी नाही. पहिल्या प्रयत्नांच्या वेळी ट्रेनर स्वतः शेजारी उभी राहून आधार देते की लांबून फक्त सूचना करते, हे ट्रायल क्लासमध्ये पाहावे. माझ्या अनुभवात चांगली ट्रेनर “अजून नाही” हे सर्वांत जास्त वेळा म्हणते.

इंदिरानगर फिजिओ यांचे उत्तर:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. या व्यायामाच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्या मुख्यतः खांदा, मनगट आणि मांडीमागच्या स्नायूंच्या असतात. नवखी व्यक्ती पोलला लटकते तेव्हा खांदे कानांपर्यंत वर जातात आणि सगळा भार स्नायूंऐवजी सांध्यावर येतो. लटकतानाही खांद्याची पाती खाली आणि मागे ओढून धरता येणे, ही पहिली पायरी आहे. ती जमेपर्यंत फिरण्याच्या किंवा उलटे होण्याच्या हालचाली शिकवू नयेत.

आपला खांदा पूर्वी जखडला होता, म्हणून दोन्ही हात कानाला लागून सरळ वर जातात का आणि उजवा हात पाठीमागे डाव्याइतका पोहोचतो का, हे आधी कोणाकडून तरी तपासून घ्यावे. हालचाल पूर्ण असेल तर वयाची अडचण नाही. मात्र हात उलटा पिळून पोल धरण्याची जी पकड असते, ती आपण शक्यतो टाळावी, कारण तिच्यात खांदा आतल्या बाजूला वळलेल्या अवस्थेत भार घेतो. सराव दोन्ही बाजूंनी व्हायला हवा. सोपी बाजूच पुन्हा पुन्हा करणाऱ्यांच्या पाठीत कालांतराने असमतोल येतो.

सुरुवातीला नडगीवर, पावलाच्या वरच्या भागावर आणि मांडीच्या आतल्या बाजूला काळेनिळे डाग पडतात, ते नेहमीचे आहे. सांध्यात टोचल्यासारखी कळ, सूज किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर सराव त्याच क्षणी थांबवावा. उच्च रक्तदाब, काचबिंदू, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणारी औषधे यांपैकी काही असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उलटे होऊ नये. नाव नोंदवताना यांतले काहीही न विचारणारा स्टुडिओ मला तरी काळजीचा वाटतो.

पंचवटीचा मल्लखांबवाला यांचे उत्तर:

खांदा बरा असेल, तर आमच्याकडेही या, असे सुचवतो. मल्लखांब ही पेशवेकाळातील व्यायामगुरू बाळंभटदादा देवधरांची विद्या आहे आणि आता मुली व प्रौढ महिलाही ती शिकतात. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, की दोन्हींची तुलना वरवरची ठरते. आमचा पुरलेला खांब लाकडी असतो, वरच्या टोकाकडे निमुळता होत जातो आणि त्याला एरंडेल लावतात. पोल धातूचा, सर्वत्र एकाच जाडीचा, बहुधा 45 मिलिमीटर व्यासाचा, आणि कोरडा ठेवावा लागतो. त्यामुळे मल्लखांब येणाऱ्याला पोल आपोआप येईल किंवा पोल शिकवणारा मल्लखांबाचा वस्ताद ठरेल, असे नाही. शिकवणाऱ्याने स्वतः पोलचे शिक्षण कोठे घेतले, हे अवश्य विचारा.

आमच्याकडची एक शिस्त मात्र सर्वत्र लागू पडते. अढी, म्हणजे पायांनी खांब धरण्याची मूलभूत पकड, पक्की झाल्याशिवाय मुलाला वरची उडी दाखवतही नाहीत, कारण दाखवली की तो करून बघतोच. रील दाखवून वर्गात ओढणे ही नेमकी याच्या उलट पद्धत आहे.

सिडको ग्राहक यांचे उत्तर:

अर्जाविषयी लिहितो. संस्था जबाबदार नाही, असे छापल्याने संस्थेच्या निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप संपत नाही. पोल निखळला आणि तो नीट बसवलेला नव्हता हे सिद्ध झाले, तर ती सेवेतील त्रुटीच आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी, अन्यायकारक करारांचाही विचार केलेला आहे. वाद झालाच तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी दाखल शुल्क लागत नाही.

तरीही आयोगाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा महिन्याचे शुल्क भरणे केव्हाही सोपे. सवलतीच्या मोहात सहा महिन्यांचे पैसे आगाऊ देऊ नयेत. पावती घ्यावी, ट्रेनर बदलल्यास किंवा बॅच बंद झाल्यास काय होईल ते लेखी मागावे, आणि माझे चित्रीकरण लेखी परवानगीशिवाय करू नये व कोठेही टाकू नये, हे वाक्य अर्जावर स्वतःच्या हाताने लिहून मगच सही करावी. काचेला पडदा लावण्याची मागणीही संकोच न करता करावी.

गंगापूररोडकर:

सर्वांचे मनापासून आभार. खांद्याची तपासणी करून घेईन आणि दुसऱ्या एका ठिकाणी ट्रायल क्लास मागितला आहे. एक उपप्रश्न आहे: दाबाने बसणारा पोल घरी आणून सराव केला तर चालेल का?

उलटे वटवाघूळ:

तूर्तास नको. असा पोल फक्त पक्क्या स्लॅबखाली बसतो, चहूबाजूंनी हातपाय पसरण्याइतकी मोकळी जागा लागते आणि तो सैल होत जातो, त्यामुळे प्रत्येक वापरापूर्वी पुन्हा घट्ट करावा लागतो. भाड्याच्या घरात घरमालकाची परवानगी घ्यावी लागेल, ते वेगळेच. पायाच्या साध्या पकडी आणि जमिनीवरचे व्यायाम पक्के झाल्यावर घेतलात तरी उलटे होण्याचा सराव घरात एकटीने करू नये.