वर सॅटेलाइट फोडतात त्याचा कचरा आपल्या वावरात पडते का?

धानवाला_भाऊ: राजेहो, हसू नका. २ एप्रिल २०२२ ले सांजेला आमच्या सिंदेवाही तालुक्यात आकाशातून जळत्या रेघा गेल्या अन् लाडबोरीत मोठ्ठी लोखंडी रिंग पडली, आठवते ना? आम्ही तवा अंगणातला मोह झाकून राहिलो होतो. काल पानठेल्यावर एक जण म्हणे ते चीनचं मिसाईल होतं. खरं काय? अन् हे देश वर सॅटेलाइट फोडतात तो कचरा बी खाली येते का?

मास्तर_नागपूर: मिसाईल नाही भाऊ, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडवलेल्या चिनी रॉकेटचा टप्पा होता, वर वर्षभर फिरला अन् उतरला. फोडाफोडी वेगळी. २००७ च्या जानेवारीत चीनने आपलाच जुना हवामानाचा सॅटेलाइट ८६५ किमीवर मिसाईलने उडवला, ३००० च्या वर तुकडे झाले, त्यातले बरेच अजून वरच आहेत, काहून का तिथं हवा नावालाच, खाली ओढणार कोण. अन् वेग सेकंदाला सात किमीच्या वर, सुपारीएवढा तुकडा बी चालू सॅटेलाइटचा भुगा करते. खाली पडते ते थोडं, खरी घाण वर साचून राहते. मंग आपला पावसाचा अंदाज गेला समजा.

बे_सरळ_बोल: मास्तर, आपले हवामानाचे इन्सॅट सॅटेलाइट ३६००० किमीवर आहेत, तिथं तो कचरा नाही पोचत. अन् आपण बी २०१९ ले फोडलाच की.

मास्तर_नागपूर: इन्सॅटचं बरोबर, मी त्याहून खूप खाली, ध्रुवावरून फिरणाऱ्या सॅटेलाइटचं म्हणत होतो. आपण तीनशे किमीच्या आत फोडला म्हणून बहुतेक तुकडे लवकर जळाले, तरी काही उडून स्पेस स्टेशनच्या वर गेलेच, ते झाकायचं काहून? रशियाने नोव्हेंबर २०२१ मध्ये फोडला तं स्टेशनवरचे सातही जण कॅप्सूलमध्ये जाऊन बसले, त्यात दोघं त्यांचेच! पुढच्या वर्षी युनोत असे प्रयोग बंद करा म्हणून ठराव आला, १५५ देश हो म्हणाले, आपण तटस्थ.

धानवाला_भाऊ: विष-बिष असते का त्यात?

बे_सरळ_बोल: असू शकते ना. १९७८ मध्ये रशियाचा जहाजांवर नजर ठेवणारा सॅटेलाइट अणुभट्टीसकट कॅनडाच्या बर्फात पडला, किरणोत्सारी तुकडे कित्येक महिने वेचत बसले लोकं. कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले, भेटले तीस. काही टाक्यांत हायड्रॅझिन नावाचं इंधन राहते, ते बी जहरच. असं काही पडलं तं हात नका लावू, आधी तहसीलले फोन करा.

धानवाला_भाऊ: बापा! आमचे पोट्टे तं तवा सेल्फी काढून राहिले होते.