तीच कादंबरी, दुसऱ्यांदा

आवडती कादंबरी कुठली असं विचारलं की सगळे तीच दहा नावं सांगतात, म्हणून जरा वेगळं विचारतेय. एकदा वाचलीत, जाम आवडली, आणि मग दहा-वीस वर्षांनी परत हातात घेतलीत अशी कुठली? टिकली का? समीक्षा नको, आपापला अनुभव लिहा, आणि मोठ्या लेखकाचं नाही आवडलं तर तसंही बिनधास्त लिहा, कोणी मारायला येत नाही.

सुरुवात मीच करते. आठवीच्या सुट्टीत 'मृत्युंजय'. वाचनालयाची प्रत, कापडी बाइंडिंग, कोपरे खाल्लेले, आणि एका पानावर समासात कुणीतरी पेन्सिलीने 'इथे मी रडलो' असं लिहिलेलं आणि त्याच्याखाली दुसऱ्या कुणीतरी शाईने 'मी पण'. रडले मीही होते पण लिहायचं धाडस नव्हतं, कारण ग्रंथपाल काका पुस्तक परत घेताना पानं चाळायचे. पुढे वर्षभर कर्णावर अन्याय झाला या विषयावर घरात कोणाशीही भांडायचे, आजीशी तर कृष्णावरून दोन दिवस अबोला. गेल्या वर्षी परत घेतली, वय चव्वेचाळीस. खरं सांगू का, कर्णाचं बोलणं आता झेपत नाही, सगळं इतकं भरजरी की मधेच उठून पाणी प्यावंसं वाटतं. पण वृषालीचा भाग, जो तेव्हा भराभरा उलटला होता, तो या वेळी दोनदा वाचला. 1967 च्या या कादंबरीत कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, शोण, कृष्ण सगळेच आपापलं सांगतात, ते आठवीत कळलंच नव्हतं, मला नुसता कर्ण दिसत होता.

*

कोसला. फिरवा डोळे, फिरवायचे तर. मी जळगावकडचा, बारावीनंतर पुण्यात होस्टेलला, मेसचं बिल थकलेलं, सबमिशन राहिलेलं, आणि रूम पार्टनरने उशाखालून हे काढून दिलं. रात्रभर हसलो. पांडुरंग सांगवीकर म्हणजे आपणच, तोच वडिलांच्या पैशाचा हिशेब, तीच उधारी, तेच उगाच पुढारीपण करणं. मी सगळ्यांना सांगायचो की मराठीतली सगळ्यात विनोदी कादंबरी आहे. मग मुलगी झाली, ती चार वर्षांची असताना परत वाचायला घेतली आणि मनीचं ते प्रकरण आलं. देवी येऊन पांडुरंगची धाकटी बहीण जाते. पहिल्या वाचनात हे मी वाचलं होतं का? वाचलंच असणार, पण आठवतच नव्हतं. या वेळी पुस्तक उपडं ठेवून पोरीच्या अंगावरचं पांघरूण नीट करून आलो, आणि पुढचे आठ-दहा दिवस ते तसंच उपडं पडून होतं. 1963 ला आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते, त्या वयात हे कसं लिहिलं असेल कोण जाणे.

*

वरच्यांना नमस्कार करून सांगतो, कोसला मी तीनदा सुरू केली, तिन्ही वेळा होस्टेलातच अडकलो. आपण बाबूराव अर्नाळकर, सुहास शिरवळकर आणि रात्री दिवा चालू ठेवून नारायण धारप. एसटी स्टँडच्या स्टॉलवरून घ्यायचं, गाव येईपर्यंत संपवायचं. शिरवळकरांच्या 'दुनियादारी'वर 2013 ला सिनेमा आला तेव्हा पोरंपोरी मला सांगायला लागली की काका बघा कसली भारी स्टोरी आहे, म्हणलं बाळांनो, ते पुस्तक वाचताना माझी दाढी काळी होती. दुसऱ्यांदा वाचायची हिंमत करत नाही. नाही आवडलं तर काय करायचं?

*

मी झेडपीचा मास्तर, तिसावं वर्ष चालूये. डीएडला असताना 'बनगरवाडी' वाचली ती अभ्यासाला होती म्हणून, छोटीशी आहे, एका बैठकीत झाली, छान वाटलं, पेपर लिहिला, विसरलो. पहिली नेमणूक मिळाली ती बीड जिल्ह्यात वस्तीवर. दिवाळी झाली की पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला. पटावर 31, समोर 9. एका दुपारी त्या नऊ जणांना गोष्ट सांगताना माझ्या लक्षात आलं की मी माडगूळकरांचीच गोष्ट सांगतोय, तो पोरसवदा मास्तर, मेंढरं, कारभारी, सगळ्यांनी मिळून बांधलेली तालीम. आणि मग दुष्काळ येतो नि वाडी उठून जाते इथपर्यंत आलो आणि थांबलो. पुढे सांगवेना. एक पोरगं म्हणालं, गुरुजी, पण ती परत आली असतील ना उन्हाळ्यात? पुस्तकात ते नाहीये, मी आपला 'हो, आली की' म्हणून मोकळा झालो. 1955 चं पुस्तक आहे. तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी वाचतो, बहुतेक दिवाळीनंतरच.

*

गुरुजी, बेस्ट.

माझं जरा वेगळं आहे, मी परत वाचली ती दुसऱ्यासाठी. लातूरकडची मी, आता ठाण्यात. कॉलेजात बोराड्यांची 'पाचोळा' वाचली तेव्हा नुसती लाज वाटली होती, कारण ते सगळं आमच्या घरच्या बोलीत, आणि मी तर शुद्ध बोलायचा क्लास लावल्यासारखी वागत होते. दोन वर्षांमागं आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, टीव्ही बंद, मोबाईल बंद, ती कंटाळली, म्हणून हीच काढली आणि रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचायला लागले. एका शिंप्याच्या बायकोनं सांगितलेली गोष्ट आहे, नवरा गंगाराम हट्टाला पेटतो आणि घराची वाट लागत जाते. आईनं पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, ही बाई कुठली? म्हणलं पुस्तकातली. म्हणली, न्हाई, गाव कोणतं? तिला ते कुणीतरी लिहिलंय हेच पटत नव्हतं. मधे मधे मलाच थांबवून गंगारामला शिव्या घालायची, 'आरं गप बस की मेल्या, बायकोचं ऐक जरा.' एका ठिकाणी माझा उच्चार चुकला तर म्हणाली, तसं न्हाई म्हणत आपण, आणि नीट म्हणून दाखवला. तीस वर्षं ठाण्यात राहून मी माझीच बोली चुकीची वाचत होते. शेवट झाल्यावर बराच वेळ काही बोलली नाही, मग विचारलं, त्या बाईचं पुढं काय झालं असंल? चार दिवसांनी परत तेच विचारलं.

*

रणांगण. विश्राम बेडेकरांची ही एकच कादंबरी, 1939 ची. बोटीवरचा मराठी चक्रधर आणि जर्मनीतून निघालेली ज्यू हॅर्टा. विशीत प्रेमकथा म्हणून वाचली. आता जर्मनीत राहते, इथे परत वाचली तर प्रेमाकडे लक्षच जाईना, सारखं वाटत होतं की ही बोटीवरची माणसं उतरणार कुठे? एवढंच लिहिते.

*

दापोलीहून. 'तुंबाडचे खोत'. आधी एक खुलासा, 2018 च्या 'तुंबाड' सिनेमाचा आणि या खोतांचा गोष्टीपुरता काही संबंध नाही, भाचा दोन्ही खंड चाळून विचारत होता मामा त्या सिनेमातला हस्तर कुठेय. श्री. ना. पेंडश्यांनी चार पिढ्या आणि जगबुडी नदी असा पसारा मांडलाय, पहिल्यांदा पावसात लाईट गेलेली असताना कंदिलावर वाचली होती. गेल्या जूनमध्ये परत काढली, पहिला खंड आठ दिवसांत संपला, पहिल्यापेक्षा जास्त आवडला, दुसरा काढायला गेलो तर कपाटात नाही. कुणाला तरी दिलाय. सगळ्या पाहुण्यांना फोन झाले, सगळे म्हणतात आम्ही नेलाच नाही, आणि एक मेहुणे जरा जास्तच ठामपणे म्हणतात. गणपतीत त्यांच्याकडे जाणार आहे, तेव्हा कपाट बघून येतो.