घरच्या सुतारकामाला भुसा ओढायचं यंत्र: गरज की चोचले?

करवतकाठी

परवा माझ्या टीपॉयच्या फोटोखाली जुनाखोड यांनी जे लिहिलं ते आधी जसंच्या तसं देते: "चार फळ्या कापायला डस्ट कलेक्टर? हे व्हिडिओ बघून लागलेलं खूळ आहे. खिडकी उघडा, तोंडाला पंचा बांधा, संध्याकाळी केरसुणी मारा. आमचा आजा याच्यातच ब्याऐंशी वर्षं जगला." त्यावर चौदा जणांनी वाहवा केली. तीन दिवस गप्प बसले. आता नाही बसवत.

आजोबांबद्दल आदर आहे, पण त्यांच्या हातात रंधा होता. रंधा ढलप्या काढतो. ढलपी खाली पडते आणि पडून राहते. माझ्या हातात ऑर्बिटल सँडर आहे, म्हणजे गरगरत्या पॉलिश कागदानं लाकूड घासायचं यंत्र, तो लाकडाचं पीठ करतो. त्यातलं दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतलं पीठ तासन्‌तास हवेत तरंगतं आणि दिसतही नाही. केरसुणी मारली की बसलेलं पुन्हा वर. पंच्याच्या विणीतून तर ते चालतच आत जातं.

लॉकडाउनमध्ये मी रो-हाउसच्या पार्किंगमध्ये, १० बाय १४ फुटांत, लेकीसाठी एमडीएफची (लाकडाच्या लगद्याच्या दाबलेल्या फळ्यांची) कपाटं केली. सहा आठवडे. शेजाऱ्यांना आवाज नको म्हणून शटर अर्धं खाली. मग खोकला धरला. तीनदा कोविडची टेस्ट, तिन्ही वेळा निगेटिव्ह. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं आणि विचारलं, काम काय करता? म्हटलं, अकाउंट्स. म्हणाले, "मग हा खोकला सुताराचा कसा?"

त्यानंतर एक हॉर्सपॉवरचं पिशवीवालं यंत्र घेतलं. पिशवी ३० मायक्रॉनची. म्हणजे जाड भुसा आत ठेवायचा आणि बारीक पीठ गाळून उंचावरून खोलीभर शिंपडायचं. खोटं वाटत असेल तर रात्री दिवे घालवा, टॉर्चचा झोत सोडा आणि पिशवीला एक चापट मारा. पाहिल्यावर मी यंत्र भिंतीपलीकडे मागच्या बोळात हलवलं. आत ड्रमवर सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवणारं नरसाळं, चार इंची पीव्हीसी पाइप, तीन ब्लास्ट गेट, म्हणजे पाइप उघडायच्या-मिटायच्या झडपा. जाड भुसा ड्रममध्ये, बारीक घराबाहेर. याला चोचले म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं लाकडाच्या धुळीला १९९५ सालीच पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग नक्की करणाऱ्यांत टाकलंय, तंबाखूच्या धुराशेजारी.

जुनाखोड

ताई, रागावू नका. त्याच पहिल्या गटात उन्हाचाबी नंबर आहे. दारूचाबी आहे. आता पोरांना गच्चीवर पतंग उडवू द्यायचा का नाही, ते सांगा.

सगळा खेळ मात्रेचा आहे. दिवसाला आठ तास भुशात बसणारा माणूस वेगळा आणि रविवारी दोन तास टीपॉय घासणारा वेगळा. कारखान्याचं माप घराला लावलं की यंत्रं खपतात, एवढंच मला कळतं. आणि एमडीएफ घासला तुम्ही, शटर पाडून. त्याला भुसा काय करणार? ते लाकूड नव्हं, डिंकात कालवलेला लगदा.

श्टुटगार्टकर

मात्रेचा मुद्दा बरोबर, निष्कर्ष चूक. इंग्लंडात हाय विकम नावाचं खुर्च्या बनवणाऱ्यांचं गाव आहे. तिथल्या कारागिरांत नाकाच्या आतला एक दुर्मीळ कर्करोग भलताच जास्त दिसतो, हे १९६० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं. ते लोक कारखान्यातले, मान्य. पण कारखान्याची शेड केवढी आणि पार्किंग केवढं? युरोपात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे. बंद पार्किंगमध्ये दहा मिनिटं सँडर चालवून ती ओलांडायला काही विशेष कर्तृत्व लागत नाही.

जुनाखोड

आले जर्मनीवाले. आमच्याकडं खिडक्या उघडतात हो, बर्फ पडत नाही.

श्टुटगार्टकर

याचा मला खरंच हेवा वाटतो. इथं हिवाळ्यात हवा बाहेर फेकली की तापवलेलं घर बाहेर फेकल्यासारखं होतं, म्हणून महागडे फिल्टर लावून तीच हवा आत फिरवावी लागते. तुम्हाला ती बाहेर सोडता येते. करवतकाठींनी तेच केलंय आणि तुम्ही त्यालाच हसताय.

ढलपी_नाशिक

तत्त्वाला +१, तपशिलाला नाही. चार इंची पाइपात सेकंदाला २० मीटर वेग धरला, आणि तेवढा हवाच, नाहीतर भुसा पाइपात बसतो, तर ताशी जेमतेम ५८० घनमीटर हवा जाते. सहा इंचीत तेराशेच्या पुढे. टेबल सॉला, म्हणजे मेजातून पातं वर येणाऱ्या करवतीला, खालून चार इंची लावून भागत नाही. पातं वरून तोंडावर जे फेकतं ते कोण ओढणार? पात्यावर हूड हवा, म्हणजे वरून ओढणारं झाकण. फोटोत तीन मीटर लवचिक नळी दिसतेय, तीही काढा. गुळगुळीत पाइपाच्या दुप्पट-तिप्पट अडवते ती.

आणि पैसे मोजकेच असतील तर आधी चांगला अर्धमुखी मास्क घ्या, दोन फिल्टरवाला. यंत्र नंतर. दाढी असेल तर दाढी काढा, नाहीतर मास्क कडेनं गळतो. मी काढली. बायको आठवडाभर हसत होती.

करवतकाठी

नळीचं मान्य, काढते. हुडाचंही मान्य, पण माझं एकच हॉर्सपॉवर आहे, सहा इंचीला ते पुरणार नाही. सँडरला तर हे यंत्र लावतच नाही. त्याचं भोक दीड इंचाचं, तिथं साधा शॉप व्हॅकच (कामाच्या जागेचा व्हॅक्युम क्लीनर) लागतो, कारण त्याची ओढ जोरकस असते. मास्क घालतेच. पण काम संपलं की मास्क उतरतो आणि धूळ तिथंच असते. लेकीची सायकलही तिथंच.

वीजबाबा_नागपूर

अहो, सायकल राहू द्या. पीव्हीसी पाइप लिहिलंय, अर्थिंगचा शब्द नाही! कोरडा भुसा पीव्हीसीतून गेला की स्थिर वीज साठते. आमच्याकडे मे महिन्यात खुर्चीवरून उठलं तरी ठिणगी बसते. पाइपात उघडी तांब्याची तार ओढा, बाहेरून वेटोळं घाला आणि अर्थला जोडा. नाहीतर तुम्ही घराखाली बॉम्ब बांधलाय. २०१२ मध्ये कॅनडात दोन आरामिलींचे (लाकूड कापायच्या गिरण्यांचे) स्फोट झाले, जानेवारीत एक, एप्रिलमध्ये एक, भुशानंच. माणसं मेली.

आकडेमोड

त्या आरामिली होत्या बाबा. कोरड्या, किडीनं मारलेल्या पाइनचं पीठ तुळयांवर थरांनी साठलेलं.

जरा हिशोब करू. लाकडाच्या पिठाचा स्फोट व्हायला घनमीटरला साधारण ४० ग्रॅम तरी हवेत लागतं. ताशी ५८० घनमीटर गुणिले ४०, म्हणजे २३ किलो. बाईंनी मिनिटाला पावणेचारशे ग्रॅमच्या वर बारीक पीठ, भुसा नव्हे पीठ, सतत पाइपात ओतलं पाहिजे. तो सँडर आहे की पिठाची गिरणी? शिवाय पीव्हीसी विजेचा दुर्वाहक. बाहेर तार गुंडाळली की फक्त तारेजवळचा भार जातो, बाकी पाइप आहे तसाच. आतली तार तर ढलप्या अडकवायला उत्तम.

वीजबाबा_नागपूर

तीस वर्षं वीज खात्यात काढली. तुम्ही काढलीत किती?

आकडेमोड

शून्य. गुणाकार चौथीत शिकलो.

वीजबाबा_नागपूर

हीच ती वृत्ती. वायरमन येऊन सांगतो तेव्हा ऐकायचं नाही आणि जळाल्यावर खात्याला शिव्या. घराघरांत आज तिसरी पिन मोडून लोक फ्रिज चालवतात. अर्थिंगचा खड्डा खणला तर मीठ-कोळसा टाकायला कंजुषी. माझ्या स्वतःच्या साडूनं नळाच्या पाइपाला अर्थ जोडला होता, प्लास्टिकच्या! आणि इथं मला गुणाकार शिकवतात.

रत्नागिरीकर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आमच्याकडे हवा एवढी दमट की केस विंचरायलाही स्थिर वीज मिळत नाही. आमची पिशवी ठिणगीनं नाही, पावसाळ्यात बुरशीनं जाते.

ढलपी_नाशिक

पाइपाचं म्हणाल तर आकडेमोड बरोबर बोलले. पण बाबांना अगदीच उडवू नका. पिशवी झटकताना क्षणभर ढग दाट होतो, तेव्हा जवळ विडी नको. आणि हाताला सटासट झटके बसायला लागले की माणूस दचकतो, तोही पात्याशेजारी. तेवढ्यासाठी तार लावली तर काय बिघडतं?

वीजबाबा_नागपूर

तेच तर मी म्हणतोय!

आकडेमोड

तुम्ही 'बॉम्ब' म्हणालात.

भंगारसागवान

बॉम्बचं सोडा, माझं ऐका. मी जुन्या वाड्यांच्या चौकटी घेऊन काम करतो. शंभर वर्षांचा सागवान, लोण्यासारखा. खिळे काढले होते, एक राहिला. टेबल सॉवर 'चर्र' झालं, ठिणगी दिसली, ओढणाऱ्या नळीत गेली. मी पातं पाहिलं, दात गेला म्हणून हळहळलो, दिवे घालवून जेवायला गेलो. रात्री अडीचला आईनं उठवलं, "होळीचा वास येतोय." ड्रम आतून धुमसत होता. झाकण उघडलं असतं तर हवा मिळून भडकलाच असता. दोघांनी तसाच ओढत अंगणात नेला आणि मग नळी सोडली.

स्फोट नाही, तार नाही, काही नाही. एक खिळा. तेव्हापासून जुन्या लाकडावर आधी मेटल डिटेक्टर, खिळ्याचा संशय असला की भुसा ओढायचं यंत्र बंद, आणि रोज संध्याकाळी ड्रम रिकामा. जवसाचं तेल पुसलेल्या चिंध्याही गोळा करून टाकत नाही. पसरून वाळवतो. त्या आपोआप पेटतात.

जुनाखोड

बघा! यंत्र नसतं तर ठिणगी फरशीवर पडून विझली असती. माझ्या केरसुणीनं आजवर घर पेटवलं नाही.

भंगारसागवान

फरशीवर काय होतं मग? गुडघाभर भुसाच ना?

कुरडई

सुतारकामातलं कळत नाही, पण एक विचारते. करवतकाठीबाई यंत्र मागच्या बोळात ठेवून बारीक धूळ बाहेर सोडतात. बाहेर म्हणजे कुठे? आमच्या मागच्या घरी असेच एक हौशी आहेत. एप्रिलमध्ये गच्चीवर दीडशे कुरडया वाळत टाकल्या आणि दुपारी पाहते तर सगळ्यांना पिवळी झाक. तळल्यावर सागाचा वास. सांगायला गेले तर म्हणाले, "काकू, आरोग्यासाठी केलंय." तुमचं आरोग्य, आमच्या कुरडया!

करवतकाठी

हे मला लागलं. आमच्या बोळापलीकडे नाला आहे, गच्ची नाही, असं लिहिणार होते. पण नाल्यापलीकडे इमारत आहेच. पिशवीऐवजी दाट विणीचं कार्ट्रिज, म्हणजे बारीक पीठही अडवणारा फिल्टर, लावायचं पाहते. वाळवणाच्या दिवसांत मी सँडिंग करत नाही, हे मात्र खरं सांगते. आईचंच वाळवण असतं.

पटाशी

मी सुतार. सांगलीकडचा, बावीस वर्षं ठाण्यात फ्लॅटचं फर्निचर करतो. कधी लिहीत नाही, आज लिहितो.

तुमच्यातल्या कितीजणांच्या घरी आमच्यासारख्यांनी काम केलं असेल? तेव्हा काय होतं सांगू? बेडरूममध्ये कटर लावतो. मॅडम येतात, "दादा, दार लावून घ्या, हॉलमध्ये धूळ येते." दाराच्या फटीला ओला टॉवेल. खिडकी उघडली तर खालचे ओरडतात. एसीला प्लास्टिक, सोफ्याला प्लास्टिक. आत आम्ही चौघं, प्लाय आणि एमडीएफ, दहा तास. दुपारी जेवायलाही तिथंच. आमच्या जोडीदाराला शिसवीनं हातावर, मानेवर चट्टे उठायचे. एकदा एका साहेबांना म्हटलं, एक व्हॅक्युम भाड्यानं घेऊ, बिलात लावतो. म्हणाले, "तुम्हाला सवय असते ना?"

आज्याचं म्हणाल तर आमचाही आजा रंध्यावरचा. बापाच्या हातात मशीन आलं. बाप चौसष्टाव्या वर्षी जिना चढताना दोनदा थांबायचा. विडीनं की भुशानं, कुणी तपासलं नाही.

जुनाखोड

पटाशीभाऊ, तुमच्यापुढं काय बोलणार. आमचा आजा वळचणीखाली, उघड्यावर बसून काम करायचा, हे मी लिहायला पाहिजे होतं. बंद खोलीचं मला सुचलं नाही. पण म्हणजे ताईंचं सगळं बरोबर असं नव्हं. उघड्यावर बसा, रंधा शिका, अर्धा भुसा तिथंच कमी होतोय.

करवतकाठी

रंधा शिकतेय. धार लावायलाच दोन महिने गेले.

पटाशी, तीन वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघराचं काम झालं, तेव्हा टॉवेल मीच लावला होता. दारातून पाणी दिलं आणि दार परत लावलं. इथं सायक्लोनवर पानभर लिहिताना ते आठवलंसुद्धा नाही.

पटाशी

पुढच्या वेळी आम्हाला तुमचं ते यंत्र द्या, म्हणजे झालं. आणि वीजबाबा, साइटवर अर्थिंगच नसतं. दोन वायरी बोर्डात खुपसून काम चालतं.

वीजबाबा_नागपूर

खुपसून?! कुठल्या साइटवर?

आकडेमोड

झालं, धागा परत पेटला.

जुनाखोड

काल रात्री दिवे घालवून टॉर्च लावून बघितलं. सँडर बंद करून वीस मिनिटं झाली होती. मी काय बघितलं ते सांगणार नाही.

ताई, तो ड्रम आणि झाकण कुठं मिळालं म्हणालात? भाच्याला हवंय.

करवतकाठी

पुण्याच्या जुन्या बाजारात, मंगळवार पेठेत. बुधवारी किंवा रविवारी जा. झाकणाला रबराची वादी आहे ना ते बघून घ्या, नाहीतर हवा तिथूनच ओढली जाते. आणि आधी आत काय भरलं होतं ते विचारा. माझ्या पहिल्या ड्रमला अजून फिनाइलचा वास येतो.